पहिली कबुली

"टेंडरचे भाव आम्ही चौघे मिळून ठरवायचो, हे स्पर्धा आयोगाला कळलंय," टेबलावरचा पितळी व्हॉल्व्ह हातात खेळवत शेटे म्हणाले. "पहिली कबुली देणाऱ्याचा दंड माफ होतो म्हणे. बाकी तिघांच्या आधी माझा अर्ज जाऊ द्या, मॅडम."

"पुढे बोलू नका. या प्रकरणात मी सकाळीच दुसऱ्याचं वकीलपत्र घेतलंय."

एरवी असा अर्ज लिहायला ती आठवडा घ्यायची. आजचा तिने दोन तासांत लिहून पाठवला होता.

शेट्यांचा चेहरा उतरला. कोण फुटला, हे ती सांगणार नव्हती. त्यांची नजर खाली वळली आणि व्हॉल्व्हवरचं नाव त्यांना दिसलं. देवरुखकर, कोल्हापूर.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"कसे आहेत ते?"

"गेल्या महिन्यात गेले."

चौघांनी ठरवलेला भाव भरायला बाबांनी नकार दिला होता. त्यानंतर वर्षभर गावातली एकही फाउंड्री त्यांना ओतकाम करून देईना. कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा याच शेट्यांनी त्यांना हसत एक प्रश्न विचारला होता. शेवटच्या आजारपणातही बाबा तो विसरले नव्हते.

"मग आता मी काय करू?" शेटे म्हणाले.

तिने त्यांच्या हातातून व्हॉल्व्ह काढून घेतला, रुमालाने पुसला आणि जागेवर ठेवला. मग तो प्रश्न तिने हलक्या आवाजात परत केला.

"एकट्याने किती दिवस तग धरणार, शेटे?"