करंजाचं तेल

स्टेशन मास्तर केशोराव भर दुपारी पायी गावात आले आणि थेट रुख्माच्या अंगणात उभे राहिले. अर्जुनीच्या पुढच्या त्यांच्या लहानशा स्टेशनावर तीन आठवडे घासलेटचा डबा उतरला नव्हता. लढाईचे दिवस होते, तेल आधी फौजेकडे जायचं; गावातही घासलेट मिळत नव्हतं. आज दिवस बुडल्यावर तांदळाची खास गाडी यायची होती आणि सिग्नलच्या दिव्यांत थेंब नव्हता. दिवे नसले तर गाडी मागच्या स्टेशनावर अडून बसणार, आणि जाब मास्तरांना द्यावा लागणार.

रुख्माने सगळं ऐकून घेतलं. तिचा नवरा बकाराम ओसरीवर बसला होता. त्याने अंगणातल्या त्यांच्या तेलाच्या घाण्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

महिन्याभरापूर्वी पुरवठा खात्याचा इन्स्पेक्टर येऊन घाणा दोरीने बांधून, गाठीवर लाखेची मोहर मारून गेला होता. तेलबिया सरकारी गोदामात द्यायच्या, घरी गाळायच्या नाहीत, असा हुकूम होता. करंज कोणी खात नाही, त्याचं तेल दिव्यातच जळतं, हे रुख्माने त्याला सांगून पाहिलं होतं. पण हुकमात करंज वेगळा लिहिलेला नव्हता.

केशोराव म्हणाले, तहसिलीत अर्ज करून परवानगी मागवतो. रुख्मा म्हणाली, अर्ज जाऊन यायला आठ दिवस लागतील, गाडी तर आजच आहे. मास्तरांनाही ते ठाऊक होतं.

ती आत गेली. माळ्यावरचं करंजाच्या बियांचं पोतं खाली ओढलं, आणि विळा आणून मास्तरांपुढे धरला.

"दोरी तुमी कापा, मास्तरबाबू. म्या कापली त चोरी होते. तुमी कापली त सरकारचं काम होते."

बकाराम उठून जवळ आला. "सरकारच्या गाडीपायी काऊन जेलात जाऊन रायली तू?"

"गाडी सरकारची हाये," रुख्मा म्हणाली. "अंधार आपला हाये."

केशोरावांनी विळा हातात घेतला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मोहरा कितीतरी मारल्या होत्या, तोडली एकही नव्हती. मग त्यांनी वाकून दोरी कापली. लाखेचा लाल तुकडा मातीत पडला.

बकारामने घाण्याला बैल जुंपला.

दिवस कलला तेव्हा डबा भरला होता. रुख्माने त्यातलं अर्धंच तेल दिलं. मास्तर कुरकुरले, तशी ती म्हणाली, तुमचे दिवे चार, गावात घरं साठ. त्यांनी तेल उचललं. निघताना मात्र सांगून गेले, कोणी विचारलं तर माझं नाव सांग, लपवू नको.

अंधार पडता पडता गाडी न थांबता निघून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाया टोपल्यांत करंज घेऊन रुख्माच्या दाराशी आल्या.

आठव्या दिवशी इन्स्पेक्टर आला, नवी दोरी आणि लाखेची कांडी घेऊन. घाणा चालू होता आणि बाया टोपल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. मोहर कोणी तोडली ते रुख्माने सांगितलं. स्टेशनाचे दिवे आता कशावर जळतात, तेही सांगितलं. मास्तरांचं वरचे लोक पाहून घेतील, घाणा मात्र बंद करावाच लागेल, असं तो म्हणाला आणि लाख वितळवायला त्याने दिवा मागितला.

रुख्माने दिवा पेटवून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"घ्या सायेब. तेल याच घाण्याचं हाये. गावात दुसरं नाई."

इन्स्पेक्टर हातात कांडी धरून ज्योतीकडे पाहत राहिला. रांगेतली एकही बाई हलली नाही. बैल फेरा घेत अगदी जवळ आला, तेव्हा तो मागे सरला आणि त्याने बैलाला वाट करून दिली.