हाळी

सोलापूरच्या कॉलेजात त्या दुपारी नेटवर्कचा तास व्हीआरचे चष्मे लावून चालला होता. डेटाची पॅकेट पांढऱ्या ठिपक्यांसारखी राउटरच्या फाटकातून पुढं सरकत होती. काही वाटेतच गळत होती.

"मॅडम, हरवलेली पॅकेट कुटं जात्यात?" अंबिकानं विचारलं.

"कुठंच नाही. संपतात."

पण ती संपत नव्हती. अंधारात गोळा होऊन, माना खाली घातल्यासारखी ती चालू लागली होती.

मग पुढून हाळी आली. दोन शिट्ट्या आणि एक लांब हुंकार. अशी हाळी फक्त तिचे वडील, अप्पाच मेंढरांना द्यायचे.

कळपाच्या पुढं अप्पा आणि मागं अंबिका, ही रीत एकदाच मोडली होती. त्या दिवशी तिची परीक्षा होती. टेंभुर्णीजवळ हायवेवर ट्रकखाली अप्पा गेले, मेंढरंही गेली.

तिनं चष्मा ओढून काढला. "मॅडम, आवाज येतोय की!"

"या धड्याला आवाजच नाही गं."

तेवढ्यात चष्मे लावलेली सगळी मुलं एकाच बाजूला वळली. माना खाली घालून उठली आणि एकामागं एक निघाली.

दारापाशी येऊन रांग थांबली. सगळ्यांच्या मागची जागा रिकामी होती.