पारुलची आई

सुखबीरीनं पिशवीतून ओढणी काढून टेबलावर ठेवली. "पोरीला मीच मारलं," ती म्हणाली. "याच ओढणीनं. लिहून घ्या."

पोलीस ठाण्याची प्रमुख विमलेश तोमर हिनं पेन उचललं नाही. पारुलचं प्रेत आदल्या दिवशी कालव्याच्या दाराला अडकलेलं सापडलं होतं. गळ्यावर वळ होता. तेव्हापासून तिचा भाऊ अंकुर घरी नव्हता. पारुल दुसऱ्या जातीतल्या पोराशी कोर्टात लग्न करणार होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण विचारल्यावर एकालाही आठवत नव्हतं.

"बसा, अम्मा. कसं मारलं?"

"दुपारची झोपली होती. उशाशी बसले आणि आवळला गळा."

"घरात आणखी कोण होतं?"

"कुणी नाही. तिचा बाप तर कधीच गेला. अंकुर गावातच नव्हता."

"कालव्यापर्यंत नेली कशी?"

"रेड्याच्या गाडीत घातली. वर उसाचं वाढं टाकलं."

"रेडा तुम्ही जुंपलात?"

"नवरा गेल्यापासून मीच जुंपते. विचारा कुणालाही."

विमलेशनं तिचे हात पाहिले. कोयता धरून राठ झालेले, रुंद पंजाचे. या हातांना ते जमलं असतं.

हवालदार ओमपालनं कागद पुढ्यात ओढून लिहायला सुरुवात केलीच होती. तो विमलेशकडे वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, आपल्या पायांनी चालत आलीय. ओढणी आहे, गाडी आहे. वरून सारखे फोन येताहेत. गावही गप्प बसेल."

त्याचं चूक नव्हतं. म्हातारी आत गेली की गाव सुटकेचा निःश्वास टाकणार होतं. अंकुर परत येऊन ऊस तोडायला लागला असता. वर्षभरात त्याचं लग्नही झालं असतं.

"आणि मारलंत का?" विमलेशनं विचारलं.

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती तिनं." सुखबीरीनं हे पाठ केल्यासारखं म्हटलं. मग ओमपालकडे वळली. "अंगठा कुठं लावायचा?"

ओमपालनं शाईची डबी सरकवली. तिनं अंगठा बुडवला.

"थांबा, अम्मा," विमलेश म्हणाली. "एक राहिलं. शेवटी ती काय म्हणाली?"

"कोण?"

"पारुल. गळा आवळल्यावर जाग आलीच असेल. काहीतरी म्हणाली असेल ना?"

वाटेत सुखबीरीनं सगळी उत्तरं जुळवून आणली होती. हा प्रश्न तिच्या मनात आला नव्हता. शाईनं काळा झालेला अंगठा तिनं हवेत धरला होता.

"काही नाही म्हणाली."

ओमपालनं ते लिहिलं.

"काही म्हणाली असेल का?" सुखबीरीनं विचारलं.

ओमपालचं पेन थांबलं.

"लहान होती तेव्हा झोपेत दचकली की मलाच हाक मारायची. बाप शेजारी असला तरी मलाच." ती ओढणीकडे बघत होती. "मी नव्हते हो घरी. बहिणीकडं गेले होते. आले तर गाडीतल्या वाढ्याखाली ही ओढणी सापडली. मग मला सगळं कळलं." ती विमलेशकडे वळली. "तुम्ही एवढ्या केशी बघता. मला हाक मारली असेल का तिनं?"

"ते मला नाही सांगता यायचं, अम्मा. जो तिथं होता, त्यालाच माहीत."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. सुखबीरीनं पदराचं टोक घेतलं आणि अंगठा घासून घासून पुसला.

"मीरापूरच्या पुढं अंकुरच्या मामाचं गुऱ्हाळ आहे," ती म्हणाली. "भट्टीच्या मागं एक खोली आहे. तिथं असेल तो."

ओमपाल जीपची किल्ली घेऊन बाहेर पडला. विमलेशनं टोपी घातली.

"मॅडम."

विमलेश दारात थांबली.

"आधी एवढं विचारा त्याला. बाकीचं नंतर. आणि काय सांगेल ते मला येऊन सांगा. मी इथंच बसते."