मागची भिंत

नवरा ललित गेल्यावर सासूबाई मंगलाबाई घरात एकट्या पडू नयेत म्हणून सायलीने कंपनीकडून कायमचं घरून काम मागून घेतलं. माहेरचे परत बोलावत होते, पण ती गेली नाही. "आईंना सोडून कुठे जाऊ?" एवढंच म्हणाली.

रविवारी दोघींनी मिळून नाशिकरोडच्या फ्लॅटमधली आतली खोली लावली. टेबल खिडकीशी ओढलं, तोंडावर उजेड यावा म्हणून पडदा बदलला. दिवसभर बसून पोरीची पाठ धरेल म्हणून मंगलाबाईंनी जुन्या रजईची उशी शिवून खुर्चीला बांधली. मग सायलीने लॅपटॉप उघडून कॅमेरा सुरू केला. स्क्रीनवर ती दिसली आणि तिच्या मागे, भिंतीवर, हार घातलेला ललित.

मंगलाबाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग हळूच स्टुलावर चढल्या आणि त्यांनी फोटो उतरवला.

"राहू द्या ना आई. ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत आहे."

"ऑफिससाठी नाही काढत गं. संध्याकाळी घोटीचा एक मुलगा तुझ्याशी व्हिडिओवर बोलणार आहे. त्याच्या घरच्यांशी मीच बोलले."

फोटो पदराखाली घेऊन मंगलाबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.



"नाही पटला तर खुशाल नाही म्हण. पण त्याच्याकडे बघून म्हण सायली, माझ्या ललितकडे बघून नको."