अनोळखी बाई

"आई, एकच बाई माझ्या बाजूने आहेत गं!"

वृंदाने लेकीच्या कराटेच्या पदकांवर ऑनलाइन विश्वकोशात पान लिहिलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीचं पान कशाला, काढून टाका, असं तिथल्या चर्चेत बाकी सगळ्यांचं म्हणणं पडलं.

शर्वरी स्क्रीनवर बोट ठेवून वाचू लागली, "'मी या मुलीला ओळखत नाही, पण तिचं पान राहावं.' बघ, ओळख ना पाळख, तरी!"

वृंदा उगाच कणीक मळत राहिली. त्या बाईच्या नावाचं खातं काल तिनेच उघडलं होतं.

"पान गेलं तर जाऊ दे. त्यांना थँक्यू तरी म्हणूया," शर्वरी म्हणाली.

क्लासमध्ये करतात तशी शर्वरी टाचा जुळवून स्क्रीनपुढे कमरेत वाकली. "आई, तूपण."

कणकेच्या हातांनी वृंदा वाकली. मग तिला मान वर करवेना.