जवळच्या माणसाची जांभई

"ऐका, ऐका," म्हणत त्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि पेपर उचलला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या फेसात तसंच बसून राहिलं.

सलूनमध्ये त्याला सगळे बातमीदार म्हणत. मोठ्या बातम्यांशी त्याला देणंघेणं नव्हतं. आतल्या पानाच्या कोपऱ्यात माणसांच्या सवयींवर कुणी कुणी लावलेले शोध असायचे, ते तो मोठ्यानं वाचायचा. आणि वाचून थांबेल तर शपथ! खोटं बोलणारा नाक खाजवतो असं छापून आलं, तेव्हा त्यानं सर्दी झालेल्या एका गिऱ्हाइकाशी भांडण उकरून काढलं होतं.

आजचा शोध जांभईचा होता. परक्यापेक्षा जवळच्या माणसाची जांभई लवकर लागते म्हणे. जितकी माया जास्त, तितकी लवकर.

दुसऱ्या खुर्चीमागे केस कापणारा त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, मग गिऱ्हाइकांपुढे जांभई देऊन बघ. आपलं कोण आणि समोरच्या सलूनमध्ये जाणारं कोण, लगेच कळेल."

सगळे हसले. बातमीदारही हसला, पण बातमी त्याच्या डोक्यात जाऊन बसली.

घरी माणसं तीनच. वडील एका रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत, तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याला यानंच वाढवलं, हातात कात्रीही यानंच दिली. बायकोनंही दिराला कधी ओझं मानलं नाही, आणि त्याचं बातमीदाराला फार कौतुक होतं.

संध्याकाळी जेवताना त्यानं मुद्दाम लांबलचक जांभई दिली. बायकोनं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं दुसरी दिली.

"झोप आली का? मग पडा की," ती म्हणाली आणि तिनं का कोण जाणे धाकट्याकडे बघितलं.

तेवढ्यात धाकट्याला जांभई आली. लगोलग बायकोचा हात तोंडाशी गेला. तिलाही आली होती.

बातमीदारानं हातातला घास ताटात परत ठेवला.

मग त्याला काय काय दिसायला लागलं! दोघांचे डोळे कायम तांबारलेले. सकाळी मोरीत चहाचे दोन उष्टे कप, आणि यानं तर अजून चहा घेतलेला नसायचा. रात्री अर्धवट जाग आली की शेजारची जागा रिकामी आणि बाहेरच्या खोलीत कुजबुज. कधी कुणीतरी त्याला खांद्याला धरून हलवायचं आणि बायकोचा आवाज यायचा, "कूस बदला, घोरताय." घोरणं तिनं फारच मनावर घेतलं होतं. त्यासाठी तिनं त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडेही नेलं होतं. ते फक्त वजन कमी करा म्हणाले होते.

घोरणं कसलं! आपण गाढ झोपलोय का, हे चाचपून बघतात, त्यानं मनाशी म्हटलं. त्याचं रक्त खवळलं.

दुपारी सलूनमध्ये धाकटा बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता.

"रात्री झोपत नाहीस काय रे?"

"झोपतो की," धाकटा म्हणाला आणि उगाचच कंगवे पुसायला लागला.

घरी गेल्यावर बातमीदारानं आवाज न चढवता सांगितलं, "तू आता दुसरीकडे बघ. खोलीही आणि कामही."

"माझं काय चुकलं, दादा?"

"तुला ठाऊक आहे."

बायको धावत बाहेर आली. "अहो, भाऊजी गेले तर मला एकटीला नाही निभायचं!"

स्वतःच्या तोंडानं बोलली. आता आणखी काय ऐकायचं राहिलं होतं?

"मग तूही जा त्याच्याबरोबर."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. धाकटा पुढे झाला. "दादा, तुला सांगायचं होतं, पण..."

"मला ऐकायचं नाही. एक अक्षर नाही."

त्यानं दोघांच्या बॅगा दाराबाहेर ठेवल्या. जाता जाता बायको एवढंच म्हणाली, "कुशीवर झोपत जा." घर मोडलं तरी घोरण्याचा टोमणा सुटत नाही हिचा, असं म्हणत त्यानं दार लावून घेतलं.

पहिले काही दिवस दोघांचेही फोन आले. त्यानं ते कापले. बायको एकदा सलूनच्या पायरीपर्यंत आली, तेव्हा भरल्या दुकानात त्यानं तिच्याकडे पाठ फिरवली. पुढे फोनही थांबले. सकाळी त्याचं डोकं जड असायचं, तोंडाला कोरड पडलेली असायची. मनस्ताप, दुसरं काय. पेपर घडी न मोडता पडून राहायचा.

एक दिवस कोपऱ्यावरचे डॉक्टर केस कापायला आले. मध्यंतरी ते परगावी होते. रिकामी खुर्ची बघून त्यांनी विचारलं, "धाकटे घरी झोपलेत वाटतं?"

बातमीदारानं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"झोपू द्या. तुमचं यंत्र आलंय, आता सांगायला हरकत नाही," डॉक्टर डोळे मिटून म्हणाले. "झोपेत तुमचा श्वास थांबतो, तो आता या यंत्रानं चालू राहील. वडिलांचंही तेच झालं असणार. तुम्ही धसका घ्याल म्हणून मीच त्या दोघांना गप्प राहायला सांगितलं. एकानं जागायचं आणि श्वास अडकला की हलवायचं. फार केलं हो त्यांनी. काय मग, काल रात्री कुणाची पाळी होती?"