भिमाबाईचा दोर

"चाळीस! बघा मॅडम, बरोबर चाळीस फूट." ओव्हरसियर धर्मराजने विहिरीच्या कठड्यावर टेप बोटाने दाबून धरला. टेपच्या टोकाला बांधलेला दगड खाली तळाला टेकला होता.

अंजनीने वाकून आकडा पाहिला. चाळीसच. तीस फुटांची विहीर गेल्या वर्षी, सत्त्याऐंशी साली, दहा फूट खोल केली, असं कागद म्हणत होते. आता टेपही तेच म्हणत होता. ती तपासणीवर आलेली, लेखापरीक्षणाच्या वेगळ्या खात्यातून. काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर तिची सही पडली, की बेलवलीपलीकडच्या या वाडीचं नाव टँकरच्या यादीतून उडणार. खोल झालेल्या विहिरीला टँकर कशाला?

"करा सही, चारची गाडी मिळेल," धर्मराज म्हणाला. "बाळ तान्हं आहे ना तुमचं? तुमच्या ऑफिसात कळलं. कशाला उन्हात ताटकळता?"

बाळाचं नाव निघालं आणि अंजनीला पान्हा दाटला. अंबरनाथला सासूबाई वाटी-चमच्याने वरचं दूध पाजत असतील आणि ते तोंड फिरवत असेल. तिने पदर सारखा केला, पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात भिमाबाई पाण्याला आली. डोईवर हंडा, खांद्यावर दोर.

"सरा वाईच, बाय."

तिने पोहरा आत सोडला. दोर सुळसुळत गेला, खाली खडकावर खणकन वाजलं, आणि दोराला बांधलेली एक लाल चिंधी नेमकी कठड्याशी येऊन थांबली.

अंजनीचं पेन थांबलं. "ही चिंधी कसली, मावशी?"

"तळाची खूण. आमच्यात समद्या जनी बांधतात. चिंधी काठाला आली का पोहरा टेकला. ही माज्या नातवाच्या झबल्याची. रांगत होता तवा बांधली, आता साळंत जातो."

"मग विहीर खोल केली तेव्हा पुढे सरकवावी लागली असेल."

भिमाबाई हसली. "खोल? कुनी केली? दोन दिस मानसं आली, गाळ काढला, कोंबडी खाल्ली न् गेली."

"मॅडम, आता म्हातारीच्या दोरानं सरकारी काम मोजणार का?"

"नाही. तुमच्याच टेपनं. वर घ्या तो. टोकापर्यंत."

"गाडी जाईल तुमची."

"जाऊ दे."

धर्मराज टेप भराभरा गुंडाळू लागला. अंजनीने त्यावर हात ठेवला आणि उरलेला स्वतः ओढला. दगड वर आला. चवड्यांवर बसून तिने त्याची सुतळी सोडली. टेपचं टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं. शून्य नव्हतं, एक नव्हता. टेप दहापासून सुरू होत होता.

अंजनीने दाखल्यावर 'खोली तीस फूट' असं लिहिलं, खाली सही केली, टेप पर्समध्ये टाकला.

भिमाबाईने हंडा भरला. तिची नजर अंजनीच्या ओल्या झालेल्या ब्लाउजवर गेली. "जा गं बाय, लेकरू रडत असंल."

"जाते. ही चिंधी इथंच राहू द्या, मावशी. विहीर खरंच खोल होईल, त्या दिवशी मीच येईन सरकवायला."

भिमाबाईने दोर खांद्यावर टाकला.

"मग येताना तुज्या लेकराचं जुनं झबलं आन. ही पार इरलीय."